माझा साळा काय काम करायचा

माझ्या साळ्याइतका निरुपयोगी हुशार माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि मी जिवंत असेपर्यंत दुसरा होऊही देणार नाही; एकाच्यानेच आमचं घर थकून गेलं. मी चौथी शिकलो, तीही धड नाही, पण माझ्या हातचं काम सगळ्या गावाला दिसतं: ही बांधानं घेरलेली बांधी, हे धान, हा पाट. साळा एवढा शिकला की त्याच्या पदव्या लग्नपत्रिकेत एका ओळीत मावल्या नाहीत, आणि चौतीस वर्षं त्यानं काय केलं ते त्याच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, ठाऊक नाही. दक्षिणेत कुठेतरी लढाईच्या सामानाचं संशोधन करणारी सरकारची मोठी प्रयोगशाळा आहे, तिथे तो होता, एवढंच. ‘काय करता?’ विचारलं की म्हणायचा, ‘काम.’ ‘कायचं?’ ‘सरकारचं.’ त्याच्या लग्नाच्या वेळी दोन ठिकाणचे पाहुणे याच पायी परत गेले. तिसऱ्या पाहुण्यांना मीच छाती ठोकून सांगितलं, पोरगा रॉकेट बनवते. तसा तो आतल्या खोलीतून बाहेर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “भाऊजी, मी हो बी म्हणत नाही, नाही बी म्हणत नाही.” मुलीच्या बापाला हे उत्तर फार आवडलं. तो कोर्टात कारकून होता.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण माझा सासरा गेला तेव्हा हा आला नाही. आम्ही प्रयोगशाळेच्या फाटकावर फोन केला. तिथला माणूस म्हणाला, साहेब आत चाचणीत आहेत, आत फोन जात नाही, निरोप लिहून ठेवतो. सासऱ्याला हा एकुलता एक मुलगा, तरी आग मी दिली, जावयानं. चौथ्या दिवशी हा दारात उभा राहिला, डोळे सुजलेले, आणि बायकोनं तिथेच विचारलं, “असं का मोठं काम होतं रे, का बाप बी त्याच्यापुढं लहान झाला?” तो म्हणाला, “बाई, सांगता येत नाही.” आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. त्या दिवसापासून बाईचं एकच मागणं: “मराच्या आधी त्यानं मले एकदा सांगावं, मंग मी मोकळी.”

सुटीवर आला की हा स्वस्थ बसेल तर शपथ. एका उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या छपरावरची कवेलू उतरवून त्यानं चुलीत लाल होईपर्यंत तापवली आणि एकेक करून पाण्याच्या बादलीत सोडली. तडकलं की वहीत लिहायचा आणि ओरडायचा, “फुटलं भाऊजी! जिथं फुटाले पाहिजे तिथंच फुटलं!” मी म्हणालो, “अरे बुद्धीच्या बैला, फुटलं त्याचा आनंद कायले?” तर म्हणे, “न फुटलेलं काही शिकवत नाही जी.” शिकला तो, आणि पावसाळाभर पाणी गळलं माझ्या भाताच्या ताटात. दुसरी खोड कागदाची. हाती आलेला कागद वाचायचा, बारीक तुकडे करायचा, चुलीत घालायचा. किराण्याची यादी गेली, लोकांच्या लग्नाच्या पत्रिका गेल्या, आणि एकदा माझा सातबारा गेला. नव्या उताऱ्यासाठी मी तलाठ्याकडे चार खेपा घातल्या. तो प्रत्येक वेळी विचारायचा, जुना कुठं गेला? मी कोणत्या तोंडानं सांगू की देशाच्या रक्षणासाठी जाळला?

निवृत्त होऊन तो एकोडीला बापाच्या शेतावर आला तेव्हा मला वाटलं, माती तरी याला माणसात आणेल. आता धानाची रोवणी म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं काम. कोणती बांधी चिखलायची, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, कुठून उपटायचे, बाया कुठे उतरायच्या, हे आदल्या दिवशी इतकं मोठ्यानं बोललं जातं की गावच्या कुत्र्यालाही पाठ होतं. यानं काय करावं? ट्रॅक्टरवाल्याला बाजूला घेऊन एकट्याला त्याची बांधी सांगितली. पऱ्हे उपटणाऱ्या गड्यांना वेगळं बोलावून त्यांची जागा. रोवणाऱ्या बायांच्या म्होरकीला तिसरीकडे गाठून तिचं काम. तिघांनाही बजावलं, दुसऱ्याला विचारायचं नाही. मधे त्याचा बेत दोनदा बदलला, आणि प्रत्येक बदल त्यानं फक्त पुढच्याच माणसाला सांगितला. सकाळी चिखल तयार तळ्याखालच्या बांधीत, पऱ्ह्यांच्या जुड्या सडकेच्या कडेला, आणि वीस बाया लुगडी खोचून उभ्या टेकाडाजवळच्या कोरड्या बांधीत. म्होरकी ओरडली, “साहेब, आमाले ढेकलात धान रोवाले बोलावलं का जी?” बाया हसून हसून बांधावर बसल्या. मी साळ्याला म्हणालो, “काहून रे, सगळं मिळून एका तरी माणसाले मालूम होतं का?” तो त्या चिखलाकडे पाहत म्हणाला, “जोडणारे वेगळे असतात भाऊजी. जोडाचं काम मी कधी केलोच नाही.” बाया हसत होत्या. मला मात्र हसू आलं नाही.

गेल्या वर्षी बायकोच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा तिला भंडाऱ्याला रक्त धुवायला न्यावं लागे. साळा एकोडीहून एसटीनं निघून दवाखान्यात आमच्या आधी हजर असायचा. मशीनपाशी बसून नळ्या न्याहाळायचा आणि नर्सला असे प्रश्न विचारायचा की एकदा तिनं त्यालाच पलंगावर झोपवायची धमकी दिली. मग एका दुपारी डॉक्टरांनी मला सांगितलं, आता फार दिवस नाहीत. मी साळ्याला व्हरांड्यात धरलं.

“सांग तिले आता. ती का दुश्मनाले सांगाले जाऊन राहिली?”

“सही केलो आहे भाऊजी.”

“सही मोठी का बहीण मोठी?”

त्यानं खिशातलं एसटीचं तिकीट काढून त्याचे बारीक तुकडे केले. मी म्हणालो, “मंग माझ्या समोर येऊ नको.” मी शब्दाचा पक्का, आणि तोही. पुढच्या तीन खेपांना तो आला नाही. बायको मशीनवर पडल्या पडल्या दाराकडे पाहत राहायची. मी काय करून ठेवलं ते मला त्या पाहण्यात कळत होतं, पण त्याला बोलवायला मी गेलो नाही.

चौथ्या खेपेला तो आपणहून आला. माझ्याकडे न पाहता स्टूल ओढून तिच्याजवळ बसला.

“बाई, का बनवलो ते नाही सांगत. पन एक सांगतो. आमच्याकडं एकाले एकच तुकडा असते. मी बी एकच तुकडा बनवलो, उमरभर. आखरीले ते लोक घेऊन गेले. पुढं तो कुठं लागला, उडला, का पेटीत पडून आहे, मले मालूम नाही. विचारता येत नाही.”

ती म्हणाली, “म्हणजे तुले बी नाही सांगतलं कोणी?”

“नाही.”

“अन् बाबा गेले त्या दिवशी?”

“त्या दिवशी भट्टीत तो तुकडा फुटला. सात वर्षांची मेहनत होती. आम्ही तीन दिवस तुकडेच वेचत होतो, बाई.”

ज्या उत्तरासाठी मी इतकी वर्षं दात खाल्ले ते असं रिकामं निघालं. मला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच राग आला. वाटलं, आता ही रडेल. पण तिनं सुई नसलेला हात पांघरुणातून काढून त्याच्या टकलावर ठेवला. “बरं,” म्हणाली, “बाबानं विचारलं तं सांगीन, पोरगा कामावर होता.”

आठ दिवसांनी ती गेली. आमच्या गावापासून नदी दूर आहे, वाटेत दोन-तीनदा खांदेकरी बदलतात. तिरडी उचलताना पुढचा उजवा खांदा मी साळ्याला दिला. साठी ओलांडलेला माणूस, उभा जन्म खुर्चीत गेलेला; पहिल्या वळणालाच त्याच्या बाजूनं तिरडी खाली झुकली. गावचा एक पोऱ्या पुढे होऊन म्हणाला, “साहेब, द्या आता माझ्याकडं.” त्यानं मान हलवली. दुसऱ्या वळणाला दुसरा पुढे झाला. त्यालाही त्यानं नाही म्हटलं. लोक माझ्याकडे पाहू लागले.

मी म्हणालो, “राहू द्या त्याले. कामावर आहे तो.”

मग नदी येईपर्यंत त्याला कोणी टोकलं नाही.