ओरडणं शेवटी

आवाजाच्या धंद्यात एक नियम आहे: ओरडणं शेवटी. आधी बोलायचं, मग कुजबुजायचं, हसायचं, रडायचं, आणि घसा फाडायचा तो अगदी शेवटी, कारण त्यानंतर त्या दिवशी तो घसा कुठल्याच कामाचा राहत नाही. बावीस वर्षं हा नियम पाळल्यामुळे ताईचा घसा अजून जागेवर होता.

ताई हे स्टुडिओतलं नाव. घरी आई तिला भोंगा म्हणते. आई नर्स होती, आधी प्रसूतीच्या वॉर्डात आणि मग अपघाताच्या. तिच्या म्हणण्याप्रमाणे इतकं मोठ्यानं रडणारं मूल त्या वॉर्डात ना आधी जन्मलं, ना नंतर, आणि जे जन्मलं ते नेमकं तिचंच निघालं. पुढे भोंग्याचं त्यावरच पोट चाललं. लिफ्टमध्ये ‘दार बंद होत आहे’ म्हणते ती ताई. खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीतली काळजीत पडलेली आई ती ताई. कार्टूनमधली खार, बाजारातली बाई क्रमांक दोन, आगीत पळणारी गर्दी, सगळी ताईच. बँकेला फोन लावला की ‘आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ असं सांगणारीही तीच. आई वीस वीस मिनिटं ते ऐकत बसायची आणि फोन ठेवताना म्हणायची, “खोटं बोलायला मी नव्हतं हो शिकवलं.”

आईच्या लेखी आवाजाचं काम हे काम नव्हतंच. पाय दुखले तर ते काम. ताईला याचं वाईट वाटायचं. पन्नाशी जवळ आली तरी वाटायचं. म्हणूनच व्हिडिओ गेममधल्या सेनापतीचा आवाज तिच्याकडे आला तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आता म्हातारीला ऐकवायचं. आईची नजर जवळजवळ गेली होती, पण कान असे की जिन्यातल्या पावलांवरून कोण आलं आणि कुठल्या पायाला लागलंय ते सांगायची.

सेनापतीला अकरा ओळी होत्या. शत्रू समोर, सैन्य कच खातंय, आणि ही पुलावर उभी राहून बोलते. ताईनं घरी त्या इतक्या घोकल्या की भांडी घासतानाही ती हुकूम सोडायची. स्टुडिओत अकराही ओळी पहिल्याच दमात झाल्या. काचेपलीकडून दिग्दर्शक “वा ताई, वा” म्हणाला. तो तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, फार अदबीनं बोलणारा. रेकॉर्डिस्टनं अंगठा वर केला.

मग ओरडण्याचा कागद आला. मार, हलका, वीस वेळा. मध्यम, वीस वेळा. जोराचा, वीस वेळा. पडणं, जळणं, बुडणं, आणि मरणं बारा प्रकारांनी. ताईनं दहा-बारा मार खाल्ले, तेवढ्यात दिग्दर्शकानं थांबवलं.

“ताई, जरा गोड करता येईल का?”

“मार खाताना?”

“म्हणजे दुखतंय, पण... ऐकणाऱ्याला बरं वाटलं पाहिजे. खेळणारे सगळे मुलगेच आहेत ना. समजून घ्या.”

ताईला समजलं होतं, तिची तीच अडचण होती. शेजारच्या स्टँडवर नायकाचा कागद राहिला होता. तोच मार, तेच वीस, आणि पुढे लिहिलेलं: ‘बरगडी मोडल्यासारखं.’ तिच्या कागदावर त्याच जागी होतं: ‘धापा टाकत. नाजूक.’ नायकाला मरणं एकाच प्रकारचं होतं.

तिनं केलं. लाज वाटली तरी केलं, कारण पदरात अकरा ओळी होत्या आणि त्या जायला नको होत्या. दिग्दर्शक खूश झाला. एरवी प्रत्येक टेकनंतर अंगठा दाखवणारा रेकॉर्डिस्ट दोन तास खाली बटणांकडे बघत बसला होता. घरी जाऊन ताईनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

सात महिन्यांनी गेम आला. एका रविवारी दुपारी कॉलेजातली भाची लॅपटॉप घेऊन घरी आली. ती या खेळांत तरबेज. कानाला लावायचा माइक मात्र तिनं काढून पिशवीत टाकला.

“हा लागत नाही का?” ताईनं विचारलं.

“मी बंदच ठेवते मावशी. मुलीचा आवाज ऐकला की समोरून ऑनलाइन खेळणारी पोरं सुरू होतात सगळी. खेळायचं राहतं बाजूला.”

आई खुर्ची ओढून लॅपटॉपच्या अगदी जवळ बसली. ताई मागे उभी राहिली, हातात फडकं घेऊन, उगाचच.

“सेनापती आली का?” आईनं विचारलं.

“आली, आजी.”

“घातलंय काय तिनं?”

भाची अडखळली. “चिलखत आहे. म्हणजे... थोडंसं.”

“थोडंसं म्हणजे?”

“पोट उघडं आहे. आणि मांड्या.”

“लढाईला चाललीय ना? मग भाला तिथंच बसणार,” आई म्हणाली. “कोण शिंपी आहे त्यांचा?”

पूल आला. ताईचा जीव कानात गोळा झाला. “पूल सोडायचा नाही,” असं लॅपटॉपमधून आलं, पण ते नायकाच्या आवाजात. पुढची ओळही त्यानंच म्हटली. अकराच्या अकरा ओळी तो बोलला आणि सेनापती त्याच्या बाजूला उभी राहून ऐकत राहिली. मग लढाई सुरू झाली आणि पहिल्याच फटक्याला ताईचा आवाज आला. धापा टाकत. नाजूक. ती जागा अवघड होती, त्यामुळे भाची पुन्हा पुन्हा हरत होती आणि सेनापती पुन्हा पुन्हा मरत होती. ताईनं फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली.

आईनं हात वर केला. भाचीनं खेळ थांबवला.

“ही कोण विव्हळतेय?”

भाचीनं वळून मावशीकडे पाहिलं.

“हिला काही लागलेलं नाही,” आई म्हणाली. “अठ्ठावीस वर्षं अपघाताच्या वॉर्डात काढलीत मी. पोटात लागलं तर आवाज निघतच नाही. ओरडायला श्वास लागतो, आणि आधी जातो तो श्वासच. ही बाई कुणाला तरी खूश करतेय. असो. आमचा भोंगा कधी येणार?”

जिन्यातल्या पावलांवरून लेकीला ओळखणारी ती बाई. पण हा आवाज काही तिनं ओळखला नाही. “तिचं काम कापलं, आजी,” भाची कशीबशी म्हणाली. ताई आत गेली आणि नळ मोठा सोडून उभी राहिली.

पुढच्या महिन्यात गेमच्या दुसऱ्या भागाचं काम निघालं आणि स्टुडिओतून बोलावणं आलं. या वेळी कागदावर एकही ओळ नव्हती. मार, पडणं, आणि मरणं आता वीस प्रकारांनी. ताई माइकसमोर उभी राहिली. ‘भाला पोटात’ असं लिहिलं होतं. तिनं तोंड उघडलं, श्वास अर्ध्यात तुटला, आणि बस. खोलीत काहीच ऐकू आलं नाही.

“ताई, इथं काही आलंच नाही,” दिग्दर्शक म्हणाला.

“असंच होतं. पोटात लागल्यावर.”

“बरोबर असेल हो. पण आपल्याला मागच्यासारखं हवंय.”

तिनं पुन्हा तसंच केलं. तिसऱ्यांदाही तसंच. रेकॉर्डिस्टनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. दिग्दर्शक रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “राहू द्या ताई, घशाला त्रास नको. तुमचे मागचे आहेत ना आमच्याकडे सगळे. तेच लावू. पुढच्या भागांनाही पुरतील.”

ताईनं पिशवी उचलली. नाही म्हणायला तिला इतका वेळ लागला होता आणि तोवर तिच्या नाहीची गरजच संपली होती. आता ती घरी झोपलेली असो की भाजी निवडत असो, कुठल्यातरी अनोळखी खोलीत ती मरत राहणार होती, आणि ऐकणाऱ्याला बरं वाटत राहणार होतं.

घरी आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. “लवकर आलीस,” ती म्हणाली. “आणि चप्पल न ओढता चालतेयस. काय झालं?”

ताई समोर बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. विव्हळणारी कोण होती तेही सांगितलं. आईचे हात थांबले.

“आणि त्या अकरा ओळी?” मग तिनं विचारलं. “पाठ आहेत?”

“आहेत.”

“म्हण.”

“आई, दमलेय गं मी.”

“दमलेलीच म्हण.”

ताईनं म्हटल्या. बसूनच, शेंगांच्या ढिगाकडे बघत. पूल सोडायचा नाही. मी सोडत नाही, तुम्हीही सोडायचा नाही. दुसऱ्या ओळीला आवाज घोगरा झाला, पाचव्या ओळीला ती कधी उठून उभी राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावून गेलं. अकरावी ओळ संपली आणि ती खाली बसली.

आईनं शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि चाचपडत तिचा हात शोधला.

“हिचं मी ऐकलं असतं,” ती म्हणाली.