लग्नातली सुरणाची भाजी

लग्न होऊन मी सिद्धेश्वर धरणाजवळच्या गावी आले, तेव्हा माहेरून, कुरुंद्याहून, सुरणाचे काही गड्डे फडक्यात बांधून आणले होते. माहेरी हळदीच्या वावराच्या कडेला सुरण असायचाच. सासरी मात्र तो कुणी खात नव्हतं. सासूबाईंनी गड्डे पाहिले नि म्हणाल्या, "हे खाजरं काहून आणलंस? लेकरायचे घसे धरतील."

"राहू द्या आत्या, न्हाणीच्या पाण्यावर येईल," मी म्हणाले आणि गड्डे मोरीमागे पुरून टाकले.

दर पावसाळ्यात त्याचा ठिपक्यांचा दांडा वर यायचा, छत्रीसारखा पसरायचा आणि दिवाळीनंतर वाळून जायचा. आत गड्डा वाढत राहायचा. मी उकरायची घाई केली नाही. सुरण जमिनीत राहिला म्हणून बिघडत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका वर्षी पोळ्यानंतर पाऊस फिरकलाच नाही. संक्रांतीलाच विहिरीनं तळ गाठला, वांगी वाळली. त्याच उन्हाळ्यात नणंदेचं लग्न ठरलेलं. बाजारात भाजी यायची तीही सुकलेली. सासरे म्हणाले, "वरण-भात होईल. वऱ्हाडाला भाजी कशाची घालायची?"

"सुरणाची," मी म्हणाले.

मग सासूबाई म्हणाल्या, "पाहुण्यायचे घसे खाजले तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल."

"आधी आपण खाऊन पाहू. मग ठरवा."

हाताला तेल लावून मी एक गड्डा चिरला. फोडी चिंचेच्या पाण्यात उकळून ते पाणी फेकलं आणि काळा मसाला, शेंगदाण्याचा कूट घालून रस्सा केला. पहिला घास सासूबाईंनी घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत बसलो. त्यांनी घास गिळला आणि ताट पुढं केलं. "अजून वाढ."

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं आणि दिरानं मोरीमागं खणायला घेतलं. सगळ्यात मोठा गड्डा दोघांनी मिळून उचलला. लग्नाच्या दिवशी आचारी सुरणाला हात लावेना, म्हणून भट्टीपाशी मीच उभी राहिले.

पंगतीत नवरदेवाच्या मामांनी पुन्हा पुन्हा भाजी मागून घेतली. "कशाची हाय ही? वांगं तर न्हाई."

"सुरणाची. आमच्या सुनेनं लावलेला," सासरे म्हणाले. चार लोकांत त्यांनी माझं कौतुक केलं, ते पहिल्यांदाच. मी पदर सावरून आणखी वाढायला गेले.

जाताना विहीणबाईंनी लावण्यासाठी डोळे असलेल्या फोडी मागून नेल्या. उरलेल्या सुरणावर आमचा बाकीचा उन्हाळा निघाला.

पुढच्या वर्षी धरणाचं पाणी ओसरून गाळाची जमीन उघडी पडली, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "रताळ्याचे वेल कुठं भेटतील? तिथं लावून पाहू." वेल मी माहेरून आणले आणि आम्ही दोघींनी मिळून ते लावले. त्यानंतरही कमी पावसाची वर्षं आली, पण भाकरीसोबत काय खायचं, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नाही.