एका पोरीसाठी अख्खी कुपी

पावस गावच्या चढावर खांद्याला निळी पेटी लावलेली बाई दिसली आणि मी रुबाबात विचारलं, "काय गो, पापलेट आहे काय?"

"लस आहे, काका. टोचू?" नर्सबाई हसून म्हणाली.

मेलो! भरपाई म्हणून मीच तिला वाट दाखवायला निघालो. आंब्याचा हंगाम संपला होता. वरच्या बागेतल्या नेपाळी राखणदाराचं कुटुंब संध्याकाळी गावी जाणार होतं आणि त्यांच्या नऊ महिन्यांच्या पोरीला गोवराची लस अजून मिळाली नव्हती. कातळावर मला दर दहा पावलांनी धाप लागत होती. मी थांबलो की नर्सबाईही थांबे. पण अशी उभी राही, की ऊन तिच्या पाठीवर आणि सावली पेटीवर.

राखणदाराच्या खोपीपाशी तिने लसीची कुपी काढली. "एकीसाठी अख्खी फोडायची? उरलेले डोस फुकट जातील ना?" मी अक्कल पाजळली.

"काका, गोवर काय पोरं मोजून येतो?"

सुई टोचताच पोरीने टाहो फोडला. आईने तिला ओढून घेतलं आणि नर्सबाईकडे रागाने पाहिलं. तरी पोरीला काही त्रास होत नाही ना, हे बघत नर्सबाई अर्धा तास तिथेच चिऱ्यावर बसून राहिली. मग पेटी उचलून पुढच्या बागेकडे निघाली. देवळात उभं राहावं तसा मी हात जोडून उभा!

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या चिमीला तान्ही असताना टोचलं, तेव्हा मी त्या वेळच्या नर्सबाईवर केवढी खेकसले होते!"