हुरडा नावाचा दगड

शेवगाव-पाथर्डी मार्गावर मी कंडक्टर आहे. रस्ता रुंद करायचं काम चालू होतं तेव्हा पाथर्डीच्या अलीकडच्या एका फाट्यावर आमची गाडी रोज दहा-पंधरा मिनिटं अडकून पडायची. ड्रायव्हर इंजिन बंद करून तंबाखू मळायचा आणि मी खाली उतरून पाय मोकळे करायचे. तिथंच रस्त्याकडेच्या ढिगात मला तो दगड दिसला. टँकरनं नुकतंच पाणी मारलेलं होतं, म्हणूनच दिसला. मुठीएवढा, हिरवा, आणि त्या हिरव्यात पिवळट गोल दाणे एकमेकांना चिकटून बसलेले. उचलला आणि बॅगेत टाकला. का, ते मलाही सांगता येणार नाही.

माझी भाची कॉलेजसाठी आमच्याकडे राहते. तिनं त्याचा फोटो काढला आणि दगड जमवणाऱ्या लोकांच्या कुठल्याशा मोबाईल ग्रुपवर टाकला. तासाभरात उत्तरं आली. एक म्हणाला अ‍ॅगेट. दुसरा म्हणाला, छे, जास्पर. तिसऱ्यानं दोन्ही नावं जोडून लिहिली. एकानं अ‍ॅगेटचंच आपल्याकडचं नाव, हकीक, एवढंच लिहून हात जोडले.

"मावशी, टॉर्च लावून बघायला सांगतायत," भाची म्हणाली. "उजेड आरपार गेला तर अ‍ॅगेट, नाही गेला तर जास्पर."

आम्ही टॉर्च लावला. एका कडेतून उजेड गेला, दुसरीकडून अजिबात गेला नाही. तिनं तसं कळवलं, तर तिकडं भांडण जुंपलं.

त्या भांडणात पुण्याच्या एका काकांनी भाचीकडून माझा नंबर घेऊन मला वेगळा मेसेज केला. बँकेतून निवृत्त झालेले, तीस वर्षं दगड गोळा करणारे. दगड कुठं सापडला, एवढंच त्यांना हवं होतं. मी फाटा सांगितला. माझ्या पुढच्या सुट्टीला ते गाडी घेऊन शेवगावात हजर झाले आणि आम्ही दोघं फाट्यावर गेलो. उन्हात टोपी घालून ते तासभर ढिगाऱ्यावर उकिडवे बसले होते. बाटलीतलं पाणी स्वतः पिण्याऐवजी दगडांवर ओतत होते. शेवटी तसलेच नऊ दगड मिळाले.

"याला इकडं काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"काही नाही म्हणत."

"नाव नसलेला दगड कुणी मागत नाही, ताई. नाव पाहिजे."

मला वाटलं, नाव म्हणजे शास्त्रातलं, कुठल्यातरी सरकारी पुस्तकातलं. ते हसले. म्हणाले, पुस्तकात फार थोडी. बाकीची नावं अशीच पडतात. कुणी गावावरून ठेवतं, कुणी दिसण्यावरून. आत झाडासारखी नक्षी असली की ट्री अ‍ॅगेट, शेवाळ्यासारखी असली की मॉस अ‍ॅगेट, मग भले जाणकार म्हणोत की हे अ‍ॅगेटच नव्हेत. ठिपकेवाल्या परदेशी कुत्र्याचं नाव लावलेला एक जास्पर आहे, तो मुळात जास्परच नाही. तरी जगभर त्याच नावानं विकला जातो.

"मग चूक दुरुस्त का करत नाहीत?"

"कोण करणार?"

त्यांनी एक दगड ओला करून माझ्यासमोर धरला. "कशासारखा दिसतो? पटकन सांगा."

"हुरड्यासारखा," मी म्हणाले. कोवळी ज्वारी भाजून हातावर चोळली की अशीच दिसते, दुसरं काय सांगणार? त्यांनी डायरी काढली आणि लिहिलं: पाथर्डी हुरडा जास्पर. मला हसू आलं. आपण सहज तोंडातून काढलेला शब्द कुणी डायरीत लिहून घेतला, असं कधी झालं नव्हतं.

दोन-तीन महिन्यांनी फाट्यावरून एक बाई गाडीत चढली. रस्त्याच्या कामावरची, डोक्यावर पाटी, पाटीत जेवणाचा डबा. मी उत्साहानं तिला मोबाईलवर दगडाचा फोटो दाखवला. म्हटलं, तुमच्या इथला दगड पार पुण्याला गेला.

तिनं फोटो जवळ घेऊन बघितला. "ह्यो? बाई, ह्यो हितला न्हाई. डंपरनं आनलाय."

"कुठून?"

"आमाला काय ठावं? ते टाकतेत, आमी पसरतो."

त्या फेरीत माझी दोन तिकिटं चुकली. संध्याकाळी काकांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, नाव पडलं आता. ते दगड कापून तुकडे वाटले मी, चाळीसेक लोकांच्या संग्रहात त्या नावाच्या चिठ्ठ्या लागल्यात." मी स्वतः भाचीच्या मोबाईलवरून ग्रुपवर खुलासा लिहिला. त्यावर दोघांनी पसंतीचा अंगठा टाकला आणि एकानं विचारलं, पाथर्डीत हा दगड कुणाकडे मिळेल?

हिवाळ्यात नगरला दगडांचं प्रदर्शन होतं. काकांनी बोलावलं म्हणून रजा काढून गेले. तिसऱ्याच टेबलावर ट्रे होता आणि वर चिठ्ठी: पाथर्डी हुरडा. आतले दगड लाल होते, विटेसारखे लाल. ठिपके तेवढे होते.

"हा कुठला?" मी विक्रेत्याला विचारलं.

"पाथर्डीचा, मॅडम. एकदम ओरिजिनल."

"हुरडा हिरवा असतो ना?"

"हा त्यातला लाल," तो म्हणाला. हुरडा म्हणजे काय हे त्याला माहीत नसावं. मी पाथर्डीच्या गाडीवर कंडक्टर आहे, असं सांगितल्यावर तो खूश झाला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "बघा, या तिकडच्याच आहेत."

मी काकांना शोधून ट्रेजवळ आणलं. त्यांनी भिंग लावून बघितलं. "हा बहुतेक गुजरातचा."

"मग खरा हुरडा कोणता?"

"तुमचा. पहिला सापडला तो."

"पण तो पाथर्डीचा नाही."

"नाही."

"आणि जास्पर तरी आहे का? अर्ध्यातून उजेड जातो."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "चहा घेऊ या का?"

चहा घेतला. त्यानंतर मी डंपरवाल्यांना विचारायला लागले. फाट्यावर, स्टँडवर, दिसेल तिथं. एकानं राहात्याकडची खाण सांगितली. दुसरा म्हणाला, बीडच्या हद्दीतली. तिसरा वयस्कर होता, त्यानं बराच विचार करून सांगितलं, "ह्यो दगड ज्या खाणीतला, त्या खाणीत आता पानी भरलंय. बुजवली तरी असंल, न्हाईतर शेततळं केलं असंल." मी गाव विचारलं. त्याला आठवेना. दोन नावं घेतली, दोन्ही मागं घेतली, आणि तेवढ्यात आमच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.