बाबूसिंगची सही

बाबूसिंग राठोडले सही मी शिकवली. माझ्या हातून झालेलं हे एक पुण्याचं काम, असं मी वीस वर्षं जिथं तिथं सांगत फिरली. आता कोणी तो विषय काढला का मी काहीतरी निमित्त करून घरात उठून जाते.

मी विजयमाला. धनजच्या पुढं आमचं गाव, तालुका कारंजा. दहावी शिकली आहे अन् माझं अक्षर चांगलं आहे. अक्षराचं मुद्दाम सांगून राह्यली, कारण सारा घोळ त्या अक्षरानंच केला.

बाबूसिंग आमच्या गावचा गायकी, म्हणजे गावची ढोरं चारणारा. गावाले लागून तांडा आहे, तिथं तो अन् त्याची बायको हिरीबाई राहतात. सकाळ झाली का घराघरातून ढोरं सुटत अन् वेशीबाहेरच्या गोहनात येऊन उभे राहत. तो मधात उभा राहून एक लांब हाक मारे, का दीडशे ढोरं त्याच्या मागं ईक्लासावर चालले. ईक्लास म्हणजे गावची सरकारी चराई, चाळीस एकर. तिथं एक तळं होतं. कधीच्या काळी दुष्काळाच्या कामावर खोदलेलं, कोणत्याच नकाशात नसलेलं. दर उन्हाळ्यात बाबूसिंग एकटा त्याच्यात उतरून गाळ काढे, म्हणून ते आटत नव्हतं.

माणसायचे नावं तो विसरे, ढोरायचे कधीच नाही. आमची मोरी गाभण आहे हे आमच्या आधी त्याले कळलं. माझा नवरा बबनराव, त्यायले राग आला. म्हणे, "गाय आमची, अन् बातमी याच्याजोळ!"

साक्षरतेचे वर्ग निघाले तवा मी नवीन सून होती. संध्याकाळी समाजमंदिरात आमी पाट्या घेऊन बसो. बाबूसिंग काठीसकट येऊन बसे. 'बा' जमला, 'बू' जमला, 'सिं' मात्र त्याच्या जीवावर उठला. घाम फुटे बिचाऱ्याले. मंग त्यानं काय करावं? तळ्यातून चिखल माखून निघालेल्या म्हशीच्या पाठीवर तो काडीनं अक्षर गिरवाले लागला. आठ दिवस गावातल्या झाडून साऱ्या म्हशी अंगावर 'बाबूसिंग' लिहून घरी आल्या. लोकायनं त्याची काय मजा घेतली! "काहून गा, म्हशी नावावर करून घेतल्या काय?" तो हसे, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहे.

सही जमली त्या दिवशी त्यानं मले पळसाच्या पानात बोरं आणून देल्ले. त्यानंतर त्यानं कुठं अंगठा लावला नाही. कोणी शाईची डबी पुढं सरकवली का छाती काढून म्हणे, "ठेवा ते. मले सही येते."

आता लायनीचं ऐका. आमच्याकडे वावरातली लायन, म्हणजे मोटारीची वीज, रात्रीची. गहू-हरभऱ्याले पाणी द्याचं तर माणसानं अंधारात, थंडीत, चिखलात उभं राहाचं. चार वर्षांमागं पौषात बबनराव पाणी द्याले गेले अन् बांधावर घोणस चावली. धनज, कारंजा, तिथून अकोला. एकवीस दिवस मी त्या दवाखान्याच्या वऱ्हांड्यात काढले. जीव वाचला, पण डाव्या पायाले घोट्याखाली काही कळत नाही. चप्पल निघून पडली तरी तसेच चालत राहतात. त्या वऱ्हांड्यात बसून मी ठरवलं का आता आमच्या गावात कोणत्याच बाईच्या नवऱ्यानं रात्रीचं पाणी द्याले जाचं नाही. म्हणून मी ग्रामपंचायतीले उभी राह्यली अन् निवडून आली.

अन् नेमकं त्याच साली सौर प्रकल्पाचं आलं. ईक्लासावर प्लेटा बसतील, उन्हावर वीज तयार होईन, अन् आजूबाजूच्या तीन गावच्या वावरात दिवसा लायन येईन. मले तर देव पावल्यासारखं झालं. घरोघरी जाऊन मी बायायले सांगतलं, हात जोडले, भांडली पण.

ग्रामसभा अकरा वाजता ठेवली. ती नेहमीच अकरा वाजता राहते. अन् अकरा वाजता बाबूसिंग कुठं राहते? ढोरायमागं. जन्मात त्यानं एक ग्रामसभा पाह्यली नाही. ज्या जागेची गोष्ट चालू आहे, त्या जागेवर दिवस काढणारा गावात एकच माणूस आहे अन् तोच इथं नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. एवढे शहाणे आमी!

ठराव ग्रामसेवक सांगत होते अन् मी लिहत होती. लिहता लिहता एक वाक्य आलं, 'सदर जागा पडीक असून तिचा कोणीही कोणत्याही कारणासाठी वापर करीत नाही.' माझा पेन थांबला.

मी म्हटलं, "सायेब, ढोरं चरतात ना तिथं. तळं आहे."

ते म्हणाले, "ढोरायचं लिहलं तर प्रस्ताव वरतून वापस येईन. मंग पाच-सहा वर्षं लायनीचं नाव काढू नका. पाहा बाई, तुमचं तुमी."

मले बबनरावचा पाय दिसला. चाळीसातले पंचवीस एकर जातीन, पंधरा राहतीन, ढोरायले तेवढे पुरतीन, असं मी मनाले समजावलं. तळं कोणत्या पंचविसात येते हे ना मी पाह्यलं, ना कोणी. मी ते वाक्य लिहलं. वळणदार अक्षरात लिहलं.

सह्या कमी पडत होत्या. मंग मी रजिस्टर घेऊन ईक्लासाच्या रस्त्यावर गेली. बाबूसिंग ढोरं घेऊन वापस येत होता.

"बाबूसिंग, सही दे गा. दिवसा लायन येते आपल्या गावात."

त्यानं हात धोतराले पुसले. रजिस्टर हातात घेतलं, पाह्यलं, अन् एकच गोष्ट विचारली. "बाई, ढोरायच्या पान्याचं?"

"राहीन ना गा! तुझं तळं कोण उचलून नेते?"

"मंग झालं," तो म्हणाला. "तुमचं अक्षर हाय, मी काय वाचू." अन् जीभ दातात धरून त्यानं सावकाश सही केली. 'सिं'वरचा अनुस्वारबी बराबर देल्ला.

सव्वा वर्षानं कुंपण लागलं. तळं आत गेलं. पहिल्या दिवशी मी तिथंच होती. दीडशे ढोरं जाळीले नाक लावून उभे. तळं शंभर पावलांवर दिसून राह्यलं, पाण्याचा वास येऊन राह्यला, अन् जाता येत नाही. बाबूसिंग हाका मारे तरी एक ढोर हलेना. त्यानं माझ्याकडे पाह्यलं. मी म्हटलं, "थांब, मी बोलते सायबाशी." माय वं, किती सहज म्हटलं मी ते!

खोटं कायले बोलू, लायन आली. सकाळी नऊले येते अन् संध्याकाळपर्यंत राहते. बबनराव त्या मेल्या पायानं वावराच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन बसतात, बटन दाबतात, मोटार चालू. रात्री आमी दोघंही घरात झोपतो. गावातल्या कितीतरी बाया मले म्हणतात, विजूताई, तुमच्यामुळं झालं. अन् ते खरंच आहे. पण विहिरी ज्यायच्या त्यायले लायन. बाबूसिंगजोळ ना वावर ना विहीर. त्याच्याजोळ एक हाक होती अन् एक तळं होतं.

तो ढोरं नाल्यावर न्याले लागला, येऊन-जाऊन दोन कोस. पाणी पाजून आणेपर्यंत चराले वेळ उरेना. एका उन्हाळ्यात गायी हडकल्या. लोक कुरकुरले, मंग एकएक जण ढोरं घरीच बांधाले लागला, मंग बाजारात न्याले लागला. दीडशेचे ऐंशी झाले, ऐंशीचे तीस.

मोरीले मीबी विकलं. टेम्पो दारात आला तर ती चढेना. चार माणसं लागले, शेपूट पिळली, काही उपयोग नाही. शेवटी बाबूसिंगलेच बोलवा लागलं. तो आला, टेम्पोत चढून उभा राह्यला अन् त्यानं आपली सकाळची हाक मारली. मोरी मुकाट्यानं चढली. तो उतरला अन् तांड्याकडे निघून गेला. माझ्यानं तोंड वर करून पाहावलं नाही.

तवा कुठं मले जाग आली. मी प्रकल्पावरच्या सायबाकडे गेली. तळ्यापर्यंत दहा फुटाची वाट सोडा म्हटलं. ते म्हणे, तालुक्याले जा. एसटीनं कारंजाले गेली. तीन खेपा घातल्या. चौथ्या खेपेले तिथल्या बाबूनं ठरावाची प्रत काढून माझ्यापुढं ठेवली अन् त्या वाक्यावर बोट ठेवलं.

"गावच म्हणते का वापर नाही. मंग वाट कायची मागता? हे लिहलं कोणी?"

मी म्हटलं, "मी."

तो माणूस वाईट नव्हता. त्यानं पाणी विचारलं अन् अर्ज ठेवून घेतला. तो अर्ज आजपर्यंत तिथंच आहे.

गावात आली तर बाबूसिंग एसटीच्या थांब्यावर माझी वाट पाहत बसला होता. "काय म्हने, बाई?"

इथं मी दुसरी चूक केली, अन् ती पहिलीपेक्षा वाईट. माझ्या जिभेवर खरं आलं होतं. पण मी म्हटलं, "कागदात त्यायनंच काहीतरी घोळ करून ठेवला गा. आपलं कोण ऐकते." तो म्हणाला, "जाऊ द्या, तुमी लय फिरल्या माझ्यासाठी." अन् माझ्या हातातली पिशवी घेऊन घरापर्यंत पोचवून देल्ली.

मंग मी शब्द टाकून त्याले प्रकल्पावर कामाले लावलं. मले वाटलं, चला, एवढं तरी केलं. काम काय, तर प्लेटाखालचं गवत माराचं. पाठीवर पंप, अन् तणनाशकाचा फवारा. कोणतं गवत कोणत्या गायीले मानवते हे ज्याले पाठ, त्यानंच ते सारं जाळाचं. हिरीबाई एकदा पाण्याच्या टाकीवर भेटली तर म्हणे, "मारवेल लय माजली होती आज, असं सांगते, अन् जेवत नाई. झोपेत ढोरायले हाका मारते. तुमी नोकरी लावून देल्ली, बाई, उपकार झाले." तिनं टोमणा मारला का खरंच म्हटलं, मले अजून समजलं नाही.

यंदाचा दिवाळीचा पाडवा आला. पाडव्याले आमच्याकडे गायगोधन राहते. दारापुढं शेणाचं गोधन घालतात, त्याच्यावरून गायी नेतात, अन् गायकीले कुंकू लावून कापड-नारळ देतात. दरसाल बाबूसिंग डफडं वाजवत साऱ्या गावाच्या गायी घेऊन येये. यंदा मी सवयीनं गोधन घातलं, ताट घेऊन दारात उभी राह्यली. बबनराव म्हणाले, "कोण येणार आहे आता?" मले राहावलं नाही. कापड-नारळ पिशवीत टाकलं अन् सरळ प्रकल्पाच्या फाटकावर गेली. तिथं पाडव्याची सुटी नव्हती.

बाबूसिंग हजेरी लावून राह्यला होता. टेबलावर रजिस्टर, बाजूले शाईची डबी. मी पाहतच राह्यली. त्यानं अंगठा डबीत दाबला अन् रजिस्टरवर उमटवला.

मी कुंकू लावलं, कापड पुढं केलं. त्यानं नारळ घेतला, कापड मात्र हातानं मागं सारलं. "हे गायकीचं राह्यते, बाई. गायी नाई त मी कायचा गायकी?"

"अन् अंगठा कायले लावला गा? सही विसरला काय?"

"नाई विसरलो."

"मंग?"

तो अंगठा गवताच्या काडीनं पुसत राह्यला. "पंचायतीत ते सपना हाय ना, काम्पुटरवाली पोरगी. तिच्याजोळ त्या कागदाची झेरॉक्स होती. म्या म्हटलं, वाच बरं मले."

त्याले सारं माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. कदाचित माझी पिशवी उचलून आणली त्या दिवशीही माहीत असेल.

"बाबूसिंग, मी..."

"बबनभाऊचा पाय म्याबी पाह्यला ना, बाई." त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मी पाय तरी धरले असते. तो म्हणाला, "पन एक हाय. अंगठेवाल्याले लोक कागद वाचून दाखवतात. सहीवाल्याले कोनी वाचून दाखवत नाई. म्हनून म्या अंगठाच बरा म्हटला."

आतून कोणीतरी आवाज देल्ला. त्यानं पंप पाठीवर घेतला, पट्टे आवळले अन् प्लेटायच्या रांगेत निघून गेला.

कापड घेऊन मी वापस आली. रस्त्यातच आमचं वावर लागते. भर उन्हात मोटार चालू होती. बबनराव धुऱ्यावर बसून हरभऱ्यात जाणारं पाणी पाहत होते.

"भेटला काय बाबूसिंग?" त्यायनं विचारलं. "काय म्हणे?"

मी म्हटलं, "काही नाही म्हणे."