दादांच्या वाटणीचा तुकडा

मिल बंद पडल्यावर ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून आम्ही गेटसमोर धरणं धरून बसायचो. एका सकाळी आतून घणाचे आवाज यायला लागले. विणायचे साचे ठेकेदारानं भंगारात उचलले होते, आणि ते तोडायला आत गेलेल्यांत दादा होते.

दादा माझ्या रक्ताचे नव्हेत. आमच्या जालन्याकडच्या गावचे, मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगार भरणारे मुकादम. सातवीत माझी शाळा सुटली तेव्हा त्यांनीच मला इंदूरला आणलं, साच्यावर उभं केलं, घरात जेवू घातलं. परमुलखात माझं म्हणून जे काही होतं, ते त्यांच्यामुळे. गेटवरचे लोक त्यांच्या नावानं थुंकायचे, तेव्हा मी खाली मान घालून बसायचो.

मिलमधली आम्ही मोजकीच मराठी ख्रिस्ती घरं. मल्हारगंजात, सगळे ज्यांना काका म्हणायचे त्यांच्या खोलीत, आमची प्रार्थनासभा भरे. काका फिटर, सभेचे वडील म्हणजे पुढारी, धरण्यातही तेच पुढे. न्यायाच्या दिवसावर बोलायला लागले की तारलेली मेंढरं एका बाजूला, टाकलेली शेरडं दुसऱ्या बाजूला, मधे कुणी नाही. ऐकताना मी मनातल्या मनात नेहमी शेरडांतच उभा असायचो.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत एकच भाकर वाटून खायच्या, आदल्या दिवशी आमच्यात तयारीची सभा असते. कुणाचं कुणाशी वाकडं असेल ते तिथे मिटवायचं. नाही मिटलं तर दुसऱ्या दिवशी भाकरीला हात लावायचा नाही. त्या शनिवारी दादा आले आणि दारापाशीच टेकले. कुणी सरकून जागा दिली नाही. मी उठून त्यांच्या शेजारी बसलो, पण त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. त्यांना सभेतून बाहेर काढलं तर मी कुणाच्या बाजूनं उठायचं, एवढंच डोक्यात होतं.

शास्त्राचं वाचन पाळीनं व्हायचं. भाग कुणी निवडायचा नाही. मागच्या वेळी थांबलं तिथून पुढे. पाळी माझी होती. मी अडखळत वाचत गेलो. द्राक्षमळ्याचा मालक दिवसभर पुन्हा पुन्हा चौकात जातो, कामाविना उभी असलेली माणसं मळ्यात धाडतो, आणि संध्याकाळी तासभर राबलेल्यालाही दिवसभर राबलेल्याइतकीच मजुरी देतो.

"हा कुठला न्याय, भिया?" मागून एक विणकर इंदुरी ढंगात म्हणाला. "आपल्या युनियननं गेटच बंद केलं असतं."

थोडं हसू फुटलं. काका हसले नाहीत.

"मालक दयाळू होता, ठीक आहे," ते म्हणाले. "पण दिवसभर उन्हात कोण होतं ते त्याला ठाऊक होतं. आज आम्ही उन्हात बसतो आणि एक जण आत सावलीत घण मारतो. बोला दादा, तुमची काय सफाई?"

"सफाई कसली. मी पण चौकात उभा होतो, काका. मळेवाला कुणी आला नाही. ठेकेदार आला, त्याच्यामागे गेलो."

"आमचं धरणं मोडलं त्यानं."

"मोडलं."

"मग माफी मागा, आणि सोमवारपासून आत जाऊ नका. फैसला झाला."

दादा म्हणाले, "माफी मागतो. सोमवारचं कबूल नाही करत. खोटं बोलून उद्या भाकर खाऊ का?"

"मी हो म्हणत नाही," काका शेवटी म्हणाले. "उद्या या. थाळी समोर आली की तुमचं तुम्ही बघा."

रविवारी थाळी हातोहात फिरू लागली. असायची काकूंनी केलेली पोळी, पण शास्त्रात भाकर म्हणून आम्हीही भाकरच म्हणायचो. माझा तुकडा घेऊन मी थाळी दादांपुढे धरली. त्यांनी नुसतं बघितलं आणि तशीच पुढे दिली. न्याय झाला, आणि तो करायला दुसरं कुणी लागलंच नाही.

थाळी फिरून काकांकडे गेली. वाढणारा सगळ्यांच्या शेवटी खातो, अशी आमची रीत. थाळीत दोन तुकडे उरले होते. तुकडे काका स्वतः करत, माणसं मोजूनच. एक त्यांचा, एक दादांचा.

"अहो, प्रार्थना करा ना," काकू हळूच म्हणाल्या.

"कशी करू? एक जण राहिलाय."

ते थाळी घेऊन आले आणि दादांसमोर खाली बसले.

"दादा, मी अजून रागातच आहे. उद्या गेटवर दिसलात तर बोलणार नाही. पण हे घ्या. नाहीतर मलाही उपाशी उठावं लागेल."

दादांनी तुकडा घेतला आणि तोंडात टाकला.

सोमवारी ते आत गेले. काकांनी तोंड फिरवलं, बोलल्याप्रमाणे. आधी न्याय होतो, मग तो मागे घेतला की त्याला दया म्हणायचं, असं मी समजत आलो होतो. काकांनी काहीच मागे घेतलं नव्हतं. तरी रविवारी दादांच्या तोंडात घास गेल्यावरच त्यांनी स्वतःचा तुकडा उचलला, आणि तो गिळायला त्यांना फार वेळ लागला.