उषाताई आणि चाळीस फुटांवरचा धोंडा

नांद्याच्या उषा ढमाले यांना सगळे बोअरवाल्या उषाताई म्हणतात. बोअरची गाडी खरं तर नवऱ्याची, विलासची. पंधरा वर्षांपूर्वी रॉड उतरवताना त्याची कंबर कायमची गेली. गाडी बघायला गिऱ्हाईक आलं, तेव्हा उषाताईंनी किल्ली कनवटीला खोचली आणि म्हणाल्या, "गाडी इकायची न्हाई. मी चालवणार हाय."

लोक हसले. विलास मात्र हसला नाही. उषाताई बोअरमधून निघालेली दिवसभराची चुरी पिशव्यांतून घरी आणायच्या आणि तो खाटेवर पडल्या पडल्या बोटांनी चोळून सांगायचा, कुठं मुरूम संपला, कुठं कातळ लागला. तरी पहिल्याच वर्षी त्या चुकल्या. खडक लागला समजून केसिंग, म्हणजे भोकाच्या कडा धरून ठेवणारा पाइप, आखूड सोडला. पावसाळ्यात बोअर ढासळला, मोटर आत गाडली गेली. उषाताईंनी आपण होऊन, पैसे न घेता, तिथंच शेजारी दुसरा बोअर घेऊन दिला.

यंदा एप्रिलमध्ये निरंजन आणि मृण्मयी या लातूरकडून नांद्यात आलेल्या जोडप्याच्या नव्या घराचं काम आलं. चाळीस फुटांवर गाडीचा आवाज बदलला, करड्या धुळीचा लोट उठला. निरंजन खूश झाला.

"लागला खडक! मावशी, आता केसिंग टाकून घ्या."

उषाताईंनी चुरी मुठीत घेतली, चोळली, पाण्यात धुऊन पाहिली.

"दादा, ह्यो कातळ न्हाई. मुरमात अडकलेला धोंडा हाय."

"पण शेजाऱ्यांचं केसिंग चाळीसच फूट आहे."

"त्यांच्या जिमिनीचं त्यांना ठावं. हितं तुमचा शोषखड्डा वरच्या अंगाला हाय. केसिंग आखूड राहिलं तर वरचं घाण पाणी मुरत आत येईल. तुमची लेकरंबाळं हेच पाणी पिणार न्हवं?"

निरंजननं मृण्मयीकडं पाहिलं. ती म्हणाली, "चालू द्या, मावशी."

अठ्ठेचाळीस फुटांवर पुन्हा तांबडा मुरूम उडाला. निरंजन दोन पावलं मागं सरून उभा राहिला. साठ फुटांवर खरा काळा पाषाण लागला. आणखी पाच फूट त्यात जाऊन उषाताईंनी केसिंग पक्कं बसवलं, वर भोवतीची फट सिमेंटनं भरून घेतली. ते दोन दिवस वाळू दिलं आणि मगच पुढं बोअर घेतला. एकशे नव्वद फुटांवर पाणी असं उसळलं की मृण्मयीची ओढणी चिंब झाली.

ऑगस्टमध्ये शेजाऱ्यांच्या बोअरला गढूळ पाणी यायला लागलं. मृण्मयीनं आपलं पाणी तपासून घेतलं, ते स्वच्छ निघालं. तिनं लगेच फोन केला.

"मावशी, बावधनला माझ्या बहिणीचं घर होतंय. कधी येता?"

"आदी जागा बघते, मग बोलू," उषाताई म्हणाल्या. "आन् शोषखड्डा कुटं काढलाय, ते इचारून ठिवा."